गिअरबॉक्स बदललेल्या जुन्या गाडीचं स्पीडोमीटर खरं कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची अ‍ॅम्बेसेडर मार्क ३, १९७७ची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घेतली आणि आजवर दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली नाही. चार वर्षांपूर्वी तिच्यात १८०० आयएसझेडचं इसुझू इंजिन आणि त्याच्यासोबतचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरची पेटी, जुनंच ठेवलं. गाडी सुरेख पळायला लागली, मीटर मात्र खोटं बोलायला लागलं. काटा ५०वर, आणि गाडी प्रत्यक्षात ६०ला. ते खरं करायला मला पूर्ण एक उन्हाळा लागला. तेव्हापासून अमळनेर, शिरपूर, धुळे, भुसावळ, रावेर इकडचे जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक भेटले की तेच ते प्रश्न निघतात. म्हणून जे हाताने करून पाहिलं ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

चार गिअरचे पाच गिअर झाले, म्हणून मीटर चुकतं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे आणि याच्यामुळेच लोकांचे पैसे वाया जातात.

मीटरच्या केबलला इंजिन दिसत नाही, गिअरही दिसत नाहीत. केबल गिअरबॉक्सच्या शेपटीकडून, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जिथून निघतो त्या बाहेरच्या शाफ्टवरून फिरते. तुम्ही तिसऱ्यात असा की पाचव्यात, गाडी ४०ने चालली असेल तर तो शाफ्ट तेवढ्याच वेगाने फिरतो. म्हणून पाचवा गिअर टाकल्यावर काटा चुकायला लागला असं कधी होत नाही. चुकत असेल तर पहिल्या गिअरपासूनच, सगळीकडे सारख्याच प्रमाणात चुकतो.

चूक येते ती तीन गोष्टींनी. शाफ्टवरच्या आट्याला (स्क्रूसारख्या पिळाच्या गिअरला) आणि त्यावर फिरणाऱ्या छोट्या पिनियनला (केबल फिरवणाऱ्या लहान गिअरला) किती दाते आहेत, मागच्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरजोडीचा, रेशो काय आहे, आणि टायर एका फेऱ्यात किती जमीन कापतो. ज्या गाडीसाठी तो गिअरबॉक्स बनला, तिचं हौसिंग वेगळं, टायर वेगळे आणि मीटरही वेगळं. आपण गिअरबॉक्स तेवढा उचलून आणतो आणि बाकी सगळं आपलं जुनं ठेवतो. ताळमेळ तिथे तुटतो.

दोष मीटरमध्ये आहे की गिअरबॉक्सकडून येणाऱ्या फेऱ्यांमध्ये, हे कसं ओळखायचं?

काट्याकडे नंतर बघा, आधी किलोमीटरचे आकडे तपासा.

जुन्या मीटरमध्ये एकाच केबलवर दोन वेगळी कामं चालतात. किलोमीटरचे आकडे दात्यांनी फिरतात, निव्वळ गिअर. केबलचे ठरावीक फेरे झाले की एक आकडा पुढे सरकतो, यात मधलं काही नसतं. काट्याचं तसं नाही. केबलच्या टोकाला मीटरच्या आत एक चुंबक फिरतं, त्याच्यावर न टेकता अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी बसलेली असते. चुंबक फिरलं की वाटीत भोवरी प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ही ओढ आणि ती खेच जिथे सारखी होते, तिथे काटा थांबतो.

आता बघा. महामार्गावर १० किलोमीटर खरे चालवले आणि आकडे ८.४ पुढे गेले, काटाही तेवढ्याच प्रमाणात कमी दाखवतो, तर मीटर निर्दोष आहे. त्याला फेरेच कमी मिळताहेत. पण आकडे बरोबर १० पुढे गेले आणि काटा तेवढा चुकतोय, तर गिअरबॉक्सकडे जायचंच नाही. चुंबक थकलंय, स्प्रिंग बिघडलीय किंवा आत वंगण गेलंय. दोन्ही चुकताहेत पण वेगवेगळ्या प्रमाणात, तर दोन्हीकडे काम आहे आणि आधी फेऱ्यांचं करायचं.

या एका तपासणीला डिझेल-पेट्रोलशिवाय काही खर्च नाही. तरी ती न करताच मीटर उघडलं जातं.

खरा वेग आणि खरं अंतर मोजायचं कशाने?

फोनमधलं जीपीएस पुरेसं आहे. फक्त रस्ता सरळ आणि मोकळा हवा, आणि वेग किमान वीस-पंचवीस सेकंद एकसारखा धरून ठेवायला हवा. फोनचा आकडा थोडा मागून येतो. शेजारी बसलेल्याने काटा आणि फोन दोन्ही वाचावेत, चालवणाऱ्याने नजर रस्त्यावर ठेवावी.

फोन नको असेल तर घड्याळ आणि किलोमीटरचे दगड. ३६०० भागिले एका किलोमीटरला लागलेले सेकंद, हा तुमचा वेग. ७२ सेकंद लागले तर ताशी ५०, ६० सेकंद लागले तर ताशी ६०. एकाच दगडावर भरवसा ठेवू नका, रुंदीकरणात दगड इकडेतिकडे सरकलेले असतात. दहा दगडांचं मिळून मोजा. आमच्याकडे शिरपूर ते धुळे हा मुंबई-आग्रा महामार्गाचा पट्टा, त्यातही नरडाणा ते सोनगीर, यासाठी चांगला. सुरत-नागपूर महामार्गावर पारोळा ते एरंडोलही चालेल. चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात मात्र ही तपासणी करू नका. वळणावळणाला वेग बदलतो आणि डोंगराच्या कुशीत जीपीएसही अडखळतं.

गिअरबॉक्स केबलला किती फेरे देतोय, हे कसं मोजायचं?

या सगळ्या कामाचा पाया हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मीटरच्या मागून केबल सोडा, खालचं टोक गिअरबॉक्सलाच राहू द्या. वर आतल्या तारेचं चौकोनी टोक दिसेल. त्याला चिकटपट्टीची बारीक झेंडी लावा. टायरमध्ये हवा नेहमी ठेवता तेवढीच भरा. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, सपाट सिमेंटवर ५० मीटर मोजून खुणा करा आणि गाडी ढकलत न्या. झेंडीचे फेरे मोजा. फेरे भागिले मीटर, गुणिले १०००, हे झाले किलोमीटरला फेरे.

आम्ही हे एका जिनिंगच्या आवारात केलं. कापसाचा हंगाम संपलेला, पटांगण रिकामं. मे महिना होता. दहा वाजले की सिमेंटवर पाय ठेववत नाही आणि टायरमधली हवाही फुगते, म्हणून साडेसहालाच पोचलो. नाना पुढच्या सीटवर, दार उघडं, केबलचं टोक मांडीवरच्या रुमालावर धरलेलं, आणि मोठ्याने मोजताहेत. मी आणि दोघं भाचे मागून ढकलतोय. पहिल्यांदा साडेतेहतीस फेरे आले. परत मागे आणून पुन्हा मोजले, साडेतेहतीस. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे ५० मीटरला ३३.५, किलोमीटरला ६७०. तो आकडा नानांनी रुमालाच्या कोपऱ्यावर बॉलपेनने लिहिला. तो रुमाल अजून डिकीत आहे.

ढकलायला जागा किंवा माणसं नसतील तर लोक जॅक लावून चाक फिरवतात. चालतं, पण एक ध्यानात ठेवा. एकच मागचं चाक वर उचललं आणि दुसरं जमिनीवर टेकलेलं असलं, तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या मागच्या गिअरमुळे) प्रोपेलर शाफ्ट निम्माच फिरतो. त्या चाकाचे दोन फेरे म्हणजे रस्त्यावरचा एक फेरा. हे विसरलं की उत्तर बरोबर निम्मं येतं. शिवाय अधांतरी टायरचा घेर आणि वजनाखाली दबलेल्या टायरचा घेर सारखा नसतो. म्हणून माझं मत विचाराल तर ढकलूनच मोजा. आणि काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर मोजू नका, सिमेंट किंवा डांबरच हवं.

आणि मीटरला किती फेरे हवे असतात?

बऱ्याच मीटरच्या तबकडीवर, तळाशी, बारीक अक्षरात आकडा छापलेला असतो. इंग्लिश स्मिथ्स मीटरवर तो मैलाला फेरे असा असतो, १००० किंवा १२८० असे आकडे नेहमी दिसतात. किलोमीटरचा करायला १.६०९ने भागा. १२८०चे सुमारे ७९५ होतात. अमेरिकन गाड्यांची रीत मैलाला १००० फेऱ्यांची. जपानी गाड्यांचं प्रमाण किलोमीटरला ६३७ फेरे. जपानी गिअरबॉक्स इंग्लिश घडणीच्या गाडीत बसवला की काटा मागे का पडतो, याचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांतच असतं.

आकडा पुसला गेला असेल किंवा तबकडी नंतर बदललेली असेल तर स्वतः मोजा. जुन्या केबलच्या आतल्या तारेचा वीतभर तुकडा मीटरच्या मागे घाला आणि हाताने सावकाश फिरवा. शंभर मीटरचा आकडा एक घर पुढे जायला किती फेरे लागले ते मोजा, दहाने गुणा. माझ्या मीटरला एका घरासाठी ८० लागले, म्हणजे किलोमीटरला ८००.

याच तुकड्याला कमी वेगाचं ड्रिल लावून काट्याचीही परीक्षा होते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. त्यामुळे किलोमीटरला ८०० फेरे मागणाऱ्या मीटरला मिनिटाला ८०० फेरे दिले, तर काटा ६०वर यायलाच हवा. ड्रिल कोणत्या दिशेला फिरवायचं ते आधी हाताने फिरवून खात्री करून घ्या.

हिशोब कसा मांडायचा?

मीटरला हवेत ते फेरे भागिले गिअरबॉक्स देतो ते फेरे. माझे ८०० भागिले ६७०, म्हणजे १.१९४. केबल सुमारे १.२ पट जोरात फिरायला हवी. उलट बाजूने ६७० भागिले ८०० म्हणजे ०.८३७५, आणि ६०चे त्या हिशोबाने ५० होतात. रस्त्यावर दिसत होतं तेच कागदावर उतरलं, म्हणजे मोजणी बरोबर.

इथे एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. पहिला रेशो बॉक्स, म्हणजे केबलचे फेरे वाढवणारी किंवा कमी करणारी गिअरची डबी, मागवताना मी फोनवर आकडे उलटे सांगितले, आणि समोरच्यानेही विचारलं नाही. फेरे वाढवणारा हवा होता, कमी करणारा आला. बसवून चोपड्याहून अमळनेरला निघालो. तापीच्या पुलावर फोन ६० दाखवतोय आणि काटा ४२वर. गाडी वळवून घरी आणली आणि तो बॉक्स काढून ठेवला. मागवताना आता मी कागदावर एकच वाक्य लिहून पाठवतो: गिअरबॉक्सकडून ६७० फेरे आत जातील, मीटरकडे ८०० निघायला हवेत. आत आणि बाहेर हे दोन शब्द असले की गोंधळ होत नाही.

पिनियनचे दाते बदलावेत की रेशो बॉक्स लावावा?

चूक थोडी असेल तर पिनियन. चूक मोठी असेल तर रेशो बॉक्स.

गिअरबॉक्सच्या बाजूला, केबल जिथे स्क्रू होते त्याच्या आत, बहुतेक प्लॅस्टिकचं छोटं पिनियन असतं. त्याचे दाते वाढवले की केबल हळू फिरते, कमी केले की जोरात. काटा जास्त दाखवत असेल तर दाते वाढवा, कमी दाखवत असेल तर घटवा. किती, ते असं काढा: आताचे दाते गुणिले दाखवलेला वेग, भागिले खरा वेग. समजा १८ दाते आहेत आणि खऱ्या ६०ला काटा ७० दाखवतोय, तर १८ गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे २१ दाते हवेत.

माझ्या पिनियनला २० दाते होते, हिशोबाने १६.७५ हवे होते. पाऊण दाता कापता येत नाही. १७ घेतले तर खऱ्या ६०ला ५९ दिसले असते, ते मी आनंदाने चालवून घेतलं असतं. अडचण दुसरीच होती. २०चे १७ केले की पिनियन बारीक होतं आणि आट्यापासून दूर राहतं. दाते वरच्यावर घासतात आणि थोड्याच दिवसांत झिजतात. एखाद-दुसऱ्या दात्याचा फरक त्याच भोकात खपतो, त्याहून जास्त असेल तर पिनियनची बाहेरची नळीही बदलावी लागते, जिच्यातलं भोक मध्यापासून थोडं बाजूला असतं. ज्या कंपनीच्या गिअरबॉक्सला अशा वेगवेगळ्या नळ्या आणि पिनियन मिळतात तिथे प्रश्न सोपा आहे. मिळत नसतील तर बनवून घ्यावं लागतं.

बनवून देणारे आपल्याकडे आहेत. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत, त्यांच्या मशिनला लागणारे गिअर कापणारे लोक त्याच भागात बसतात. त्यांना जुनं पिनियन नमुना म्हणून द्या, तुटलेलं असलं तरी द्या. दाते तिरपे असतात आणि तो तिरपेपणा आट्याशी जुळला नाही तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. धातूचं करून द्या असा आग्रह मात्र धरू नका. केबल अडकली तर पिनियन तुटावं आणि शाफ्टवरचा आटा वाचावा, यासाठीच ते मऊ ठेवलेलं असतं. तो आटा बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

रेशो बॉक्स म्हणजे काडेपेटीएवढी डबी, आत दोन गिअर. केबल एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मी शेवटी ३० आणि २५ दात्यांची जोडी घातली, म्हणजे बरोबर १.२ पट. ६७०चे ८०४ झाले, मीटरला हवेत ८००. शंभर किलोमीटरला अर्धा किलोमीटर जास्त दाखवतं. डबी शक्यतो गिअरबॉक्सपाशीच लावा आणि क्लॅम्पने पक्की धरा. अधांतरी लोंबकळत ठेवली तर केबल तिथेच तुटते. काही डब्या फेऱ्याची दिशा उलटवतात, तेही आधी विचारून घ्या. दिशा उलटी झाली की काटा शून्याच्या खाली रेटला जातो.

मीटर रिपेअरवाले म्हणतात, काटा इथल्या इथे सेट करून देतो. द्यावं का?

फेऱ्यांची चूक असेल तर देऊ नका. काटा उपटून पुढे बसवला की तो एका वेगाला बरोबर येतो आणि बाकी सगळीकडे चुकतो. चुंबक किंवा स्प्रिंग जुळवली तर काटा सगळीकडे नीट येईल, पण किलोमीटरचे आकडे तसेच चुकत राहतील, कारण ते दात्यांवर चालतात. मग ऑइल बदलायची वेळ चुकते, अ‍ॅव्हरेज चुकतं.

मीटरमध्येच दोष असेल तर मात्र जाणत्या माणसाकडेच द्या आणि काम होईपर्यंत शेजारी बसा. ती स्प्रिंग एकदा वाकली की पूर्ववत होत नाही.

विलिसच्या जुन्या जीपला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतोय. हेच सगळं करावं लागेल का?

बहुतेक नाही. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपला, आपल्याकडच्या सीजे-३बीलाही, मीटरची केबल गिअरबॉक्सवर नसते, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर असते. ट्रान्सफर केस जुनाच ठेवलात तर त्याच्या पुढचा गिअरबॉक्स कोणताही लावा, मीटरला फरक पडत नाही. नव्या गिअरबॉक्ससोबत त्याचाच ट्रान्सफर केस आला, किंवा मागचं-पुढचं हौसिंग बदललं, तर वरचा सगळा हिशोब लागू. जीपचं मीटर बिघडतं ते जास्त करून टायरमुळे.

फक्त टायर बदलले. किती फरक पडेल?

टायरवरचे आकडे घेऊन काढता येतं. २१५/७५ आर १५चा व्यास ७०३.५ मिलिमीटर, २३५/७५ आर १५चा ७३३.५. फरक सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे असेल. मोठा टायर लावला की मीटर कमी दाखवतं, म्हणजे धोक्याच्या बाजूला जातं. गिअरबॉक्स आणि टायर दोन्ही बदलायचे असतील तर टायर आधी बदला, मोजणी नंतर करा.

काटा थरथरतो, मध्येच उडी मारतो. हे रेशोमुळे आहे का?

नाही, हे केबलचं दुखणं आहे. गिअरबॉक्स बदलला की केबलचं खालचं तोंड सरकतं, तीच जुनी केबल ओढून-वाकवून लावली जाते आणि एखाद्या ठिकाणी ती फार मुडपते. वीतभर गोलाईपेक्षा लहान बाक कुठेही नको. सायलेन्सरच्या पाइपला चिकटू देऊ नका. जपानी गिअरबॉक्सचं तोंड आणि इंग्लिश मीटरचं तोंड जुळत नाही, तेव्हा खाली एक टोक आणि वर दुसरं टोक अशी केबल बनवून घ्यावी लागते. लांबी दोरीने मोजून द्या, अंदाजाने नको.

आतली तार बाहेर काढून रॉकेलने धुवा, गुळगुळीत जमिनीवर ठेवून बोटांनी लोळवा. सरळ लोळली तर चांगली, एखाद्या जागी उसळली तर तिथे मुरड आहे, बदला. पातळ ग्रीस खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावा, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा. फिरती तार ग्रीस वर चढवत नेते. ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा एकदम शेवटच्या आकड्यावर जाऊन बसतो. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ला गेला की बंद गाडीत डॅशबोर्डच्या मागे भट्टी होते, ग्रीस पातळ होतं आणि नंतर वाळून कडक होतं. आम्ही दर वर्षी होळीनंतर, ऊन वाढायच्या आधी, तार काढून धुतो.

नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नाही, नुसता सेन्सर आहे. जुनं मीटर टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. सेन्सरचे ठोके घेऊन छोटी मोटर फिरवणारे डबे मिळतात, त्या मोटरला केबल जोडली की जुनं मीटर जसंच्या तसं चालतं. रेशोही त्यातच बटणांनी जुळवता येतो. फक्त गाडीची वायरिंग बघून घ्या. बऱ्याच जुन्या जीप मुळात ६ व्होल्टच्या, आणि जुन्या इंग्लिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. १२ व्होल्टचा डबा ६ व्होल्टवर नीट चालत नाही, आणि उलट्या टोकांच्या गाडीत सरळ जोडला तर जळू शकतो.

फोनवर जीपीएस लावून चालवलं तर काय बिघडतं?

तपासायला उत्तम. पण रोजच्यासाठी मला ते पटत नाही. वेगाचा आकडा जिथे शोधायची चालवणाऱ्याच्या डोळ्यांना सवय आहे तिथेच तो असावा. आणि नानांसारखा माणूस, ज्यांनी चाळीसहून जास्त वर्षं त्या एका काट्याकडे बघून गाडी चालवली, ते फोनकडे बघत नाहीत. मीटर बिघडलेलं असताना सोनगीरपाशी मी त्यांना म्हटलं, नाना, वेग कमी करा. त्यांनी काट्याकडे बोट केलं: ५०च तर आहे. गाडी ६०ला होती आणि समोर केळीचा ट्रक हळू झाला होता. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की हे काम पूर्ण करायचंच.

गिअरबॉक्स बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. इंजिनमध्ये दोष आहे का?

आधी मीटर तपासा. आमचं अ‍ॅव्हरेज ९ येत होतं. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा उघडला, टायमिंग बदललं, प्लग बदलले. दोष तिथे नव्हताच. आकडेच ८४ टक्के फिरत होते, म्हणजे खरे १०० किलोमीटर वहीत ८४ म्हणून लिहिले जात होते. ९ भागिले ०.८३७५ केलं तर पावणेअकरा येतं. मीटर दुरुस्त झाल्यावर कशालाही हात न लावता वहीत तेवढंच यायला लागलं. तो मेकॅनिक भला माणूस आहे, त्याने नंतर एवढंच म्हटलं: "मीटर खोटं बोलस ना भाऊ, ते मना ध्यानमाच उनं नही." (मीटर खोटं बोलतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.)

आरटीओत काही अडचण येते का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरबद्दलच आहे. गाडीला वेग दाखवणारं मीटर असायलाच हवं, बंद पडलेलं मीटर घेऊन पासिंगला जाऊ नका. मीटर दुरुस्त करायला परवानगी लागत नाही. इंजिन बदललं असेल तर मात्र त्याची रीतसर परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच, कारण इंजिन नंबर तिथे लिहिलेला असतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीत गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल चालत नाही. व्हिंटेज गाड्यांना मिळणारा व्हीए मालिकेचा नंबर ज्यांना हवा आहे त्यांनी इंजिन बदलायच्या आधी याचा विचार करावा. आमची गाडी त्यात बसणार नाही, हे नानांना मी तेव्हाच सांगितलं होतं.

किती चूक चालवून घ्यावी?

मी दोन टक्क्यांपर्यंत थांबतो. टायर झिजला, हवा कमी-जास्त झाली की एवढा फरक आपोआप पडतो, त्याच्या खाली जाण्यात अर्थ नाही. मात्र राहिलीच तर चूक जास्त दाखवण्याच्या बाजूला राहू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमाचं तत्त्वही हेच आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालतं. नव्या गाड्यांचे काटे फोनपेक्षा दोन-चार जास्त दाखवतात, ते यामुळेच.

दुरुस्तीच्या आधी चुकीचे पडलेले किलोमीटर आता बरोबर करून घ्यावेत का?

आकड्यांना हात लावू नका. पुढेही नाही, मागेही नाही. ज्या दिवशी मीटर खरं झालं त्या दिवशीचा आकडा, तारीख आणि जुनं प्रमाण वहीत लिहा. आधीचे किलोमीटर त्या प्रमाणाने भागले की खरे निघतात, ऑइलचा आणि टायमिंग बेल्टचा हिशोब त्यावर धरा. गाडी विकायची वेळ आलीच तर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या. आमच्या वहीत त्या पानावर नानांच्या अक्षरात तीनच ओळी आहेत: तारीख, मीटरचा आकडा, आणि खाली "६७० आत, ८०४ बाहेर".